पित्तनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतरचा ताप
निरोगी माणसाचे पित्त सहसा जंतुविरहित असते. पित्तनलिकेवर शस्त्रक्रिया झाल्यावर किंवा तीत नळी बसविल्यावर आतड्यातील जंतूंना वर चढण्यास वाट मिळते. पुढे नलिका अरुंद झाली वा नळी तुंबली, तर पित्ताचा दाब वाढून हे जंतू रक्तात शिरतात. हा विकार विरळा, परंतु प्राणघातक ठरू शकतो. हुडहुडी भरून ताप, कावीळ व उजव्या बरगडीखाली वेदना ही लक्षणे फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ साली नोंदविली. तिन्ही एकदम दिसतीलच असे नाही.

भालकी, औराद वा आळंद तालुक्यातील अशा रुग्णाने हिवताप समजून घरी थांबू नये. शस्त्रक्रियेचे कागद घेऊन त्याच दिवशी बीदर किंवा कलबुर्गी येथील शासकीय रुग्णालय गाठावे. प्रतिजैविके निकडीची आहेतच. परंतु तुंबलेली वाट मोकळी केल्याखेरीज केवळ औषध पुरे पडत नाही.