शेवटचा शब्द वाचलात का?

पेपरात माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दिसली की पेन सुटतंच! मास्तर, कारभारी, दुष्काळ... तीन पानं नुसतं कथानक. पण समजा, प्रश्न असा आहे : ‘बनगरवाडी ही एका माणसाची नव्हे, गावाची कादंबरी आहे. चर्चा करा.’ इथे गोष्ट कोणी विचारलीच नाहीये. ‘स्पष्ट करा’ असतं, तर विधान मान्य धरून दाखले दिले की भागलं असतं. ‘चर्चा करा’ म्हटलं की दुसरी बाजूही हवी. गाव आपल्याला दिसतं ते तरुण मास्तरच्या नजरेतून. मग ती त्याचीही कादंबरी नाही का? विधान अर्धंच पटलं, तर बिनधास्त तसं लिहा, फक्त प्रसंग दाखवा. (गाइडमधलं पाठ उत्तर इथेच उघडं पडतं.) शेवटी दुष्काळात गाव ओस पडतं ना, तो भाग तर दोन्ही बाजूंनी वापरता येतो.