हात कोणता, उजवा की डावा?

कुत्रा चावला तर कोणाकडे जायचे, काविळीला कोणते औषध द्यायचे, पाठ धरली तर मालीश करावी की गोळी घ्यावी, असे प्रश्न पालक शिक्षकांना हमखास विचारतात. शिक्षक काही डॉक्टर नसतात, पण गावात त्यांच्या शब्दाला वजन असते. शाळेच्या रस्त्यावरच्या पाट्या वाचत गेले तर आयुर्वेद, होमिओपॅथी, निसर्गोपचार, अ‍ॅक्युपंक्चर, चुंबकचिकित्सा, रेकी अशी मोठी यादी तयार होते. या सगळ्यांना मिळून ‘पर्यायी उपचार’ असे एकच नाव देण्याची पद्धत आहे. मग वादही तसाच होतो. एक जण म्हणतो, सगळे थोतांड. दुसरा म्हणतो, सगळे पूर्वजांचे ज्ञान. दोघांनीही पोते न उघडताच भाव सांगितलेला असतो.

आपण पोते उघडून पाहू या. आधी एक भेद लक्षात घ्यायला हवा. कर्करोगावर रुग्णालयात उपचार चालू आहेत आणि रोगी मन शांत राहावे म्हणून प्राणायाम करतो, तेव्हा तो प्राणायाम ‘पूरक’ असतो. तोच रोगी रुग्णालय सोडून केवळ प्राणायामावर विसंबला, तर तो ‘पर्यायी’ झाला. क्रिया एकच, पण धोका अगदी वेगळा.

अमेरिकेत या उपचारांच्या अभ्यासासाठी १९९८ साली एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राने सोयीसाठी पाच गट पाडले होते : आयुर्वेदासारख्या संपूर्ण वैद्यकपद्धती, योग, ध्यान यांसारखे मन आणि शरीर यांचा मेळ घालणारे उपचार, वनस्पती व आहार यांवर आधारलेले उपचार, मालीश, हाडे-सांधे दाबणे हे हाताचे उपचार, आणि शरीराभोवतीच्या किंवा शरीरातल्या ‘ऊर्जेचे’ उपचार. गटांच्या सीमा काही पक्क्या नाहीत. वनस्पतींची औषधे आयुर्वेदातही येतात आणि आजीच्या बटव्यातही. माझ्या मते वर्गात यादी पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक उपचाराला एक प्रश्न विचारायला शिकवावे : तुझे नेमके म्हणणे काय, आणि ते खोटे असेल तर आम्हांला कसे कळेल?

वनस्पतींच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे सोपे असते. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. मुंबईचे हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन, रक्तदाब मोजून, निष्कर्ष १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९५२ मध्ये त्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि ते जगभर वापरले गेले. वापर वाढला तसे काही रोग्यांना त्याने खिन्नता येते, हेही ध्यानात आले. म्हणजे मूळ गुणकारी होते आणि निरुपद्रवी मात्र नव्हते. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार?’ असे म्हणणाऱ्याला धोतऱ्याची आठवण करून द्यावी. तोही झाडपालाच आहे.

ऊर्जेच्या उपचारांचे काय? ती ऊर्जा दिसत नाही, कोणत्या उपकरणावर मोजता येत नाही, ‘ज्याला जाणवते त्यालाच जाणवते’, असे सांगितले जाते. इथे विज्ञानाचा शिक्षक बहुधा गप्प होतो. पण कोलोराडो राज्यातली नऊ वर्षांची एक मुलगी गप्प बसली नाही.

पुठ्ठा, टॉवेल आणि नाणे

१९७२ साली अमेरिकेत डोलोरेस क्रीगर या परिचर्येच्या प्राध्यापिका आणि थिऑसॉफिस्ट डोरा कुन्झ यांनी एक उपचार सुरू केला. त्याला आपण स्पर्शोपचार म्हणू. (नाव असे, पण यात रोग्याला स्पर्श करण्याची गरज नसते.) उपचारक शरीरापासून काही अंतरावरून हात फिरवतात. माणसाभोवती ऊर्जाक्षेत्र असते, ते हाताला जाणवते आणि त्यातला बिघाड नीट करता येतो, असे त्यांचे म्हणणे. अनेक परिचारिका हा उपचार शिकल्या.

एमिली रोझा या मुलीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प हवा होता. तिने फार मोठा प्रश्न घेतला नाही. उपचाराने रोग बरा होतो का, हे तिने विचारलेच नाही. तिचा प्रश्न इतकाच होता : यांना दुसऱ्याचा हात जवळ आलेला खरोखर जाणवतो का?

टेबलावर एक उभा पडदा. पडद्याच्या तळाशी दोन भोके. उपचारकाने आपले दोन्ही हात भोकांतून पलीकडे काढून, तळवे वर करून ठेवायचे. डोकावून पाहता येऊ नये म्हणून हातांवर टॉवेल. पलीकडे बसलेली एमिली नाणे उडवी आणि छापा-काटा पाहून उजव्या किंवा डाव्या तळव्याच्या वर आठ-दहा सेंटिमीटरवर आपला हात धरी. उपचारकाने फक्त सांगायचे, हात कोणत्या बाजूला आहे.

१९९६ मध्ये पंधरा उपचारक तिच्यासमोर बसले. प्रत्येकी दहा प्रयत्न, एकूण १५०. बरोबर उत्तरे ७०. काहींनी तक्रार केली की, आधी तिच्या ऊर्जेची ओळख करून घेऊ द्यायला हवी होती. तक्रार रास्त होती. म्हणून १९९७ मधल्या दुसऱ्या फेरीत तिच्या दोन्ही हातांची ऊर्जा आधी ‘पाहून’ कोणता हात वापरायचा ते उपचारकांनीच ठरवावे, अशी मुभा दिली. १३० प्रयत्नांत ५३ उत्तरे बरोबर आली. दोन्ही फेऱ्या मिळून एकवीस उपचारकांनी २८० पैकी १२३ वेळा बरोबर सांगितले. डोळे मिटून अंदाज केला असता तरी १४० च्या आसपास बरोबर यायला हवी होती.

एप्रिल १९९८ मध्ये हे काम अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले. तोवर एमिली अकरा वर्षांची झाली होती.

टीकाही झाली आणि ती वर्गात सांगण्याजोगी आहे. हात कोठे आहे हे एमिलीला माहीत होते. नकळत तिच्याकडून काही सूचना गेली असेल का? अशी सूचना मिळाली असती तर बरोबर उत्तरे वाढायला हवी होती. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. या प्रयोगाने ‘रोग्याला बरे वाटत नाही’ असे सिद्ध होत नाही. कोणी आस्थेने अर्धा तास जवळ बसले, तर बरे वाटूही शकते. मात्र मग त्याचे श्रेय जवळ बसण्याला जाते. हात फिरवून नीट केलेल्या ऊर्जाक्षेत्राला नव्हे.

वर्गातील दोन ‘सिद्धपुरुष’

हा प्रयोग शाळेत करायला पुठ्ठा, टॉवेल आणि एक रुपयाचे नाणे पुरते. चाळीस मुलांना प्रत्येकी दहा प्रयत्न द्या. नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६ आहे; मोठ्या मुलांना पास्कलच्या त्रिकोणावरून हा आकडा काढायला सांगावा. म्हणजे चाळीसांत सरासरी दोन मुले तरी आठचा पल्ला गाठतील. वर्ग त्यांच्याकडे आदराने पाहू लागेल. त्या दोघांची परीक्षा लगेच पुन्हा घ्या. बहुधा त्यांची सिद्धी मधल्या सुट्टीपर्यंतही टिकणार नाही. (हात अगदी जवळ, दोन सेंटिमीटरवर धरला, तर अंगाची ऊब कळू शकते. अंतर बदलून तेही मोजून पाहावे.) एखाद्याच्या हातगुणाची ख्याती पंचक्रोशीत कशी पसरते, याचा अंदाज त्यावरून येतो. ज्यांना गुण आला नाही, ते पुन्हा त्याच्या दारी येत नाहीत आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

काविळीचे तसेच आहे. दूषित पाण्यातून येणारी ‘अ’ प्रकारची कावीळ मुलांमध्ये बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जो कोणी औषध देईल, तो यशस्वी. काही ठिकाणी चुन्याच्या निवळीने हात धुऊन पिवळे पाणी ‘काविळीचे’ म्हणून दाखवतात. उतरवणाऱ्याच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस आधीच लावलेला असला, की निवळी पिवळी होते. निरोगी मुलाचे हात धुऊनही पाणी पिवळे करून दाखवता येईल. पण पित्तनलिकेतला अडथळा किंवा लेप्टोस्पायरोसिस यांतही डोळे पिवळे होतात. तिथे आठवडे वाट पाहणे परवडत नाही. म्हणून पिवळे डोळे घेऊन आलेल्या मुलाची रक्ततपासणी आधी व्हावी, मग घरच्यांनी पथ्याचे काय ते ठरवावे.

कुत्रा चावण्याच्या बाबतीत हाच हिशेब जिवावर बेततो. चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते, त्यामुळे मंत्र टाकणाऱ्याच्या खात्यावर बरे झालेले पुष्कळ जमतात. कुत्रे पिसाळलेले असेल तर लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, आणि ती एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. तेव्हा मुलाने शाळेत येऊन ‘काल चावला, पण उतरवून घेतले’ असे सांगितले, तर त्याच्याशी मंत्राविषयी वाद घालण्यात वेळ घालवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायला लावावी आणि घरच्यांना बोलावून त्याच दिवशी लस टोचून घेण्यासाठी सरकारी दवाखान्यात पाठवावे. पुढच्या टोचण्यांच्या तारखा शिक्षकांनी आपल्या वहीतही टिपून ठेवाव्यात; पहिलीनंतर दुखणे थांबले म्हणून घरचे विसरतात.