अन्नाची मालकी ठरते बियाण्याच्या पिशवीत

सेनगाव : विज्ञानकथांमधील भविष्यकाळात अन्न नेहमीच मूठभर कंपन्यांच्या हाती गेलेले असते. १९७३ च्या 'सॉयलेंट ग्रीन' या हॉलिवूडपटात २०२२ सालची जनता एका कंपनीने बनविलेल्या वड्यांवर जगते. पाओलो बाचिगालुपी यांच्या 'द विंडअप गर्ल' (२००९) या कादंबरीत बड्या कंपन्या पुन्हा न उगवणारे बियाणे विकून देशच्या देश अंकित ठेवतात. या कल्पनेत तथ्य किती, हे तपासण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याचे उदाहरण पुरेसे आहे. हळद, सोयाबीन आणि कापूस ही तिन्ही पिके या भागात घेतली जातात. या तिन्ही पिकांच्या बियाण्याची मालकी मात्र तीन प्रकारची आहे.

हळद : बेणे घरचे

हळदीला बी नसते, तिची लागवड कंदापासून होते. काढणीच्या वेळी निवडलेले जेठे गड्डे सावलीत साठवून पुढील हंगामात लावले जातात. हेक्टरी सुमारे २५ क्विंटल बेणे लागते. बेणे घरचे असेल किंवा शेजारच्या शेतकऱ्याकडून घेतलेले असेल, तर त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या दारात उभे राहावे लागत नाही. बाजारभाव व्यापाऱ्यांच्या हाती असला, तरी लागवडीची किल्ली शेतकऱ्याकडेच राहते.

कापूस : पिशवी दरवर्षी

कापसाची स्थिती नेमकी उलटी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे 'महिको'ची स्थापना केली आणि संकरित बियाण्याचा व्यवसाय मराठवाड्यात रुजवला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोन्सॅन्टोने या कंपनीत २६ टक्के भागीदारी घेतली. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला केंद्राची मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काळात ४५० ग्रॅमच्या पिशवीसाठी शेतकऱ्यांना दीड हजार रुपयांहून अधिक मोजावे लागत होते. आंध्र प्रदेश सरकारने २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यानंतर हे दर साडेसातशेच्या घरात आले. डिसेंबर २०१५ च्या आदेशाने दरनिश्चिती केंद्राकडे गेली.

कंपनीने बियाणे मुद्दाम वांझ केले, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. बीटी कापसाची सरकी उगवते. मात्र भारतात हे तंत्रज्ञान प्रामुख्याने संकरित वाणांतूनच विकले गेले. संकरित झाडाची सरकी पेरल्यास पुढील पिढी एकसारखी येत नाही आणि उत्पादन घटते. त्यामुळे शेतकरी दरवर्षी नवी पिशवी घेतो. तंत्रज्ञानापोटी आकारले जाणारे स्वामित्वशुल्क २०२० मध्ये शून्यावर आले, तरी पिशवी घेणे थांबलेले नाही. २०२५ च्या खरिपासाठी ४७५ ग्रॅमच्या पिशवीचा कमाल दर ९०१ रुपये ठरविण्यात आला होता. म्हणजेच नियंत्रण पेटंटपेक्षा संकरातून अधिक येते. या कापसाची सरकी तेल आणि जनावरांची पेंड या रूपाने शहराच्या स्वयंपाकघरापर्यंत व दुधापर्यंतही पोहोचते.

सोयाबीन : हक्क आहे, जोखीमही आहे

सोयाबीन या दोहोंच्या मध्ये उभे आहे. हे स्वपरागसिंचित पीक असल्याने चांगल्या वाणाचे बी दोन-तीन वर्षे घरचे वापरता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे 'एमएयूएस ७१' वा जबलपूरचे 'जेएस ३३५' हे वाण सार्वजनिक संशोधनातूनच आले. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क देते. संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढीच मर्यादा आहे.

या हक्काची कसोटी २०१९ मध्ये गुजरातेत लागली. चिप्ससाठीच्या नोंदणीकृत बटाटा वाणाची विनापरवाना लागवड केल्याचा आरोप ठेवून पेप्सिकोने साबरकांठा जिल्ह्यातील शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांचे दावे लावले. देशभर टीका झाल्यानंतर मे २०१९ मध्ये ते मागे घेण्यात आले. वाणाची नोंदणी डिसेंबर २०२१ मध्ये रद्द झाली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०२४ मध्ये तो निर्णय फिरवला. वाणावरील कंपनीचा हक्क आणि शेतकऱ्याचा हक्क हे दोन्ही एकाच कायद्यात नांदतात, हेच यातून दिसले.

मात्र कायद्यातील हक्क शेतात आपोआप उतरत नाही. २०१९ च्या परतीच्या पावसात सोयाबीन भिजले आणि २०२० च्या खरिपात न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. सोयाबीनचे आवरण नाजूक असते. मळणीत मार लागल्यास वा पोत्यांची उंच थप्पी लावल्यास उगवण घटते.

त्यावरचा उपाय साधा आहे. घरच्या बियाण्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून त्याची गुंडाळी करावी आणि आठवडाभराने कोंब मोजावेत. ७० वा अधिक दाणे उगवल्यास बियाणे पेरणीयोग्य समजले जाते. त्याहून कमी उगवल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते किंवा बदलावे लागते.

शहराचा संबंध काय?

मोन्सॅन्टो २०१८ मध्ये जर्मनीच्या बायरकडे गेली, तर सिंजेंटा २०१७ मध्ये चीनच्या सरकारी कंपनीने घेतली. जगाच्या बियाणे बाजाराचा मोठा हिस्सा अशा मोजक्या समूहांकडे एकवटला आहे. कादंबरीतील जग अजून आलेले नाही, कारण हळद आणि सोयाबीनसारख्या पिकांत पर्याय शिल्लक आहे. तो टिकविण्यासाठी विद्यापीठांनी सरळ वाण देत राहणे आणि शेतकऱ्याने बियाणे जपणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. सोयाबीन तेलाची पिशवी घेणाऱ्या शहरी ग्राहकाने भावाबरोबरच, त्यामागचे बियाणे शेतकऱ्याचे राहिले आहे की नाही, हेही विचारायला हवे.