आरसा, ठोकळा आणि बांबू

चिंग राजवटीत (इ. स. १६४४ ते १९१२) चीनमधील जिल्ह्याचा अधिकारी हाच करवसुली करी, बंदोबस्त ठेवी आणि न्यायदानही करी. त्याच्या कचेरीस 'यामेन' म्हणत. न्यायासनाच्या वर 'उंच टांगलेला स्वच्छ आरसा' अशा अर्थाची चार अक्षरे झळकत. त्याखाली वादी, प्रतिवादी, साक्षीदार असे सारेच गुडघे टेकून बसत; परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पदवीधरांस मात्र त्यातून सूट असे! मेजावरील लाकडी ठोकळा आपटला जाई तो समोरच्यास दचकविण्यासाठी.

शिपायांच्या हातातील बांबूच्या पट्ट्या दोन प्रकारच्या, हलक्या व जड. त्यांची लांबी, रुंदी, वजन कायद्यानेच ठरलेले. संहितेत शंभर फटके लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात चाळीसच मारावयाचे, ही सवलतही कायद्यातलीच. परंतु गुन्ह्याची कबुली आरोपीच्या तोंडून वदवून घेणे सामान्यतः आवश्यक मानल्यामुळे चौकशीतच छळास वाव मिळे. माझ्या मते या व्यवस्थेची खरी गोम येथेच आहे. मर्यादा ओलांडणारा अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरे खरा; पण पट्टी असे शिपायाच्या हाती. त्याचे वेतन तुटपुंजे, दर्जा हीन, शासकीय परीक्षेचे दार त्याला बंद. साहजिकच फटका हलका पडावा म्हणून त्याचे हात ओले करावे लागत.

शेन ज्याबेन आणि वू टिंगफांग या कायदेपंडितांच्या शिफारशीवरून १९०५ मध्ये चौकशीतील छळावर कायद्याने बऱ्याच अंशी बंदी आली.