आवडतें, पाहिजे आणि हवें होतें

कोल्हापुरांतील आमच्या घरीं हल्लीं दिवेलागणीनंतर जर्मन भाषेचे पाठ ऐकूं येतात. 2024 सालीं महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, तेव्हांपासून आमच्या पुतणीनें परिचारिका म्हणून तिकडे जाण्याचें मनांत घेतलें आहे.

परवां तिनें तेथील एका रुग्णालयास धाडावयाच्या उत्तराचा मसुदा दाखविला. ‘सोमवारीं मुलाखतीस येईन’ असें तिला कळवावयाचें होतें. लिहिलें होतें ‘इश् विल कोमेन’. इंग्रजी ‘विल’ भविष्यकाळ दाखवितें. जर्मन ‘विल’ हें मात्र ‘वोलेन’ ह्या सहायक क्रियापदाचें रूप असून त्याचा अर्थ ‘मला यावयाचें आहे’ असा होतो. जेथें वचन द्यावयाचें, तेथें नुसती इच्छा लिहिली गेली! वास्तविक ‘इश् कोमे’ एवढें साधें वर्तमानकाळीं वाक्य पुरे होतें. शिक्षिकाबाईंनीं वेळींच चूक दाखविली म्हणून निभावलें.

आम्हांस वाटतें, दोष इंग्रजीच्या चष्म्याचा आहे. तो बाजूस ठेवून सरळ मराठींतून पाहिलें, तर हा विषय मुळींच अवघड नाहीं. ‘इश् माग टे’ म्हणजे मला चहा आवडतो. ‘इश् विल टे’ म्हणजे मला चहा पाहिजे, आणि तोही ठासून. ‘इश् म्योश्टे टे’ म्हणजे मला चहा हवा होता. ‘माग’ व ‘म्योश्टे’ हीं दोन्ही एकाच ‘म्योगेन’ क्रियापदाचीं रूपें. आपण ‘हवा होता’ म्हणतों तेव्हां भूतकाळ अभिप्रेत नसतो, नम्रता असते. ‘म्योश्टे’ हेंही भूतकाळाच्या रूपांतील स्वर बदलून सिद्ध झालेलें संकेतार्थी रूप आहे. मूल ‘इश् विल’ म्हणून हट्ट धरूं लागलें, कीं तिकडील वडील माणसेंही त्यास ‘म्योश्टे’ म्हणावयास लावतात.

वाक्यरचनाही परकी वाटूं नये. ‘इश् म्योश्टे डॉइच लेर्नेन’ ह्यांत ‘शिकणें’ हें क्रियापद आपल्याप्रमाणेंच शेवटीं येतें. ‘मी’ आणि ‘तो’ ह्यांचीं रूपेंही सारखींच : इश् माग, एर माग, इश् विल, एर विल. भेद एवढाच कीं, आपल्याकडे आवड चतुर्थींत ‘मला’ असते, आणि ह्या क्रियापदांपुढें जर्मन माणूस ‘मी’ म्हणून कर्ता होतो. तथापि ‘मीर गेफेल्ट’ असा, थेट ‘मला आवडतें’ ह्याच्याच वळणाचा प्रयोगही त्या भाषेंत आहे.

हें चाललें असतां आमच्या मातोश्रींनीं विचारलें, “तिथल्या म्हाताऱ्या बाईला चहाचं कसं गं विचारशील?”

“म्योश्टेन झी टे? म्हणजे, आपल्याला चहा हवा का?”

“मग मलाच विचार बघूं एकदां.”

पुतणीनें विचारलें. मातोश्री क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “इश् म्योश्टे टे.”

आजवर त्यांचें उत्तर ठरलेलें असे : “उरला असेल तर घोटभर दे.” स्वतःकरितां त्यांनीं कांहीं मागितलेलें आम्हीं तरी ऐकलें नव्हतें. पुतणी लगबगीनें उठली आणि त्या दिवशीं पहिला पेला त्यांच्यापुढें ठेवला गेला.