पल्ल्याची चर्चा, दिशेचा विसर

क्षेपणास्त्राची चाचणी झाली की राजधानीत चर्चा होते ती पल्ल्याची. पण क्षेपणास्त्र लक्ष्यावर पोहोचणार की भरकटणार, हे ठरते त्याच्या पोटातील जायरोस्कोपवर. १५ नोव्हेंबर २०११ रोजी झालेल्या ‘अग्नी-४’च्या चाचणीचे खरे महत्त्व यातच होते. रिंग लेझर जायरोस्कोपवर आधारलेल्या देशी दिशादर्शन प्रणालीने त्या दिवशी प्रथमच प्रत्यक्ष मार्गदर्शनाची जबाबदारी पेलली.

या उपकरणाचे तत्त्व गुपित नाही. बंद त्रिकोणी वा चौकोनी मार्गात दोन लेझर किरण परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. उपकरण वळले की एकाचा मार्ग किंचित लांबतो, दुसऱ्याचा आखडतो. दोहोंच्या वारंवारितेतील फरकावरून वळण्याचा वेग कळतो. या परिणामाचा प्रयोग फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज सान्याक यांनी १९१३ मध्येच केला होता. अमेरिकेत १९६३ मध्ये त्याला लेझरची जोड मिळाली. अवघड आहे ती कारागिरी. आरशांनी जवळजवळ सारा प्रकाश परतवला पाहिजे आणि उष्णतेने काचेचा ठोकळा प्रसरण पावता कामा नये. शिवाय अतिमंद वळणावर दोन्ही किरण एकमेकांत अडकतात आणि वळण जाणवतच नाही; म्हणून संपूर्ण ठोकळा सतत कंपित ठेवावा लागतो.

नेमकी हीच कारागिरी निर्यातबंदीच्या कुंपणात आहे. सात औद्योगिक राष्ट्रांनी १९८७ मध्ये स्थापन केलेल्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेच्या यादीत, तासाला अर्ध्या अंशाहून कमी चूक करणारे जायरोस्कोप येतात. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध अधिक जाचक झाले. जून २०१६ मध्ये भारत या व्यवस्थेचा सदस्य झाला, तेव्हा दिल्लीत समाधान व्यक्त झाले. मात्र सदस्यत्वामुळे तंत्रज्ञान मागण्याचा हक्क मिळत नाही; देणे न देणे विक्रेत्या देशाच्याच मर्जीवर राहते.

उपग्रहाचे संकेत युद्धात रोखता येतात, जायरोस्कोपला मात्र बाहेरच्या संकेताची गरज नसते. सामरिक स्वायत्ततेची भाषा संसदेत सोपी आहे. तिची परीक्षा आरसे घासणाऱ्या, त्यांवर लेप चढवणाऱ्या प्रयोगशाळांना सातत्याने निधी आणि माणसे मिळतात की नाही, यात होते. चाचणीच्या दिवशीच्या अभिनंदनाने ते काम भागत नाही.