वेलनेससाठी माणूस कोण घ्यायचा?

वाळूज एमआयडीसी आपल्या गंगापूर तालुक्यातली. तिथे वेलनेस प्रोग्रामसाठी माणूस निवडायचा, तर कोण? १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा जास्त कामगार असले की कल्याण अधिकारी सक्तीचा केला. २०२० च्या संहितेने हा आकडा २५० वर आणला. एमएसडब्ल्यू करणाऱ्यांनो, लक्ष असू द्या! पण योगासनांचे फोटो ग्रुपवर टाकणारा उत्साही चेहरा घेऊन भागत नाही (फोटो छान येतात, ते सोडा). नाईट करून आलेला ऑपरेटर ‘झोपच लागत नाही’ म्हणाला, तर निवांत ऐकून घेणारा आणि ते सुपरवायझरच्या कानावर न घालणारा माणूस लागतो. इंटरव्ह्यूत हाच प्रश्न विचारायला हवा: कामगाराने विश्वासाने सांगितलेलं एचआरने मागितलं, तर काय कराल?